वरच्या घरचा धूर

वाडीतल्या वरच्या घरात गोदूबाई एकटीच राहायची. सकाळी तिच्या कौलांतून धूर निघाला नाही, तर खालच्या घरची ठमाबाई धावत वर यायची. हे तीस वर्षं चाललेलं.

होळीनंतर पोलादपूरहून एका संस्थेच्या बाई आल्या आणि गोदूबाईच्या गळ्यात मदत मागायचं बटण घालून गेल्या. दाबलं की माणूस येणार.

परवा सकाळी चूल पेटवायच्या आधीच गोदूबाई गोठ्यात पडली. बटण दाबलं, पण डोंगरावर रेंज कुठली? ती ठमाबाईची वाट बघत राहिली. ठमाबाई आली ती संध्याकाळी, ताक मागायला.

"धूर नव्हता, दिसलं नाय तुला?"

"तुला बटण मिळालं, तवापासून मी बघतच नाय गो!"

घरात गॅस असूनही गोदूबाई रोज सकाळी चूल फुंकत बसायची, ती फक्त ठमाबाईला धूर दिसावा म्हणून.