तिरपा काप

एकदा मोजलेला मासा पुन्हा मोजला जाऊ नये, म्हणून तिचा डावखुरा नवरा प्रत्येकाच्या शेपटीला कात्रीने तिरपा काप द्यायचा. तीन वर्षांपूर्वी तो जंगलातल्या याच तळ्यात कात्रीसकट बुडाला, तो सापडलाच नाही. आता मोजणी तिच्याकडे होती; यंदाची आजच सुरू होत होती.

नावाड्याने जाळ्यातलं पहिलंच पिल्लू पुढे धरलं. "वहिनी, हे तर यंदाचं. याला काप कोणी दिला?"

काप तिरपा होता, ओबडधोबड आणि ताजा.

"मोजणी संपल्याशिवाय घर आठवायचंच नाही त्यांना," ती हळूच म्हणाली. "कात्रीही बोथट झाली असेल." तिने आपली नवी कात्री पाण्यात सोडली. "आटपा हो लवकर," ती पाण्याकडे वाकून म्हणाली.

नावाड्याने पुन्हा जाळं ओढलं. या वेळचा काप तिरपाच होता, पण अगदी सफाईदार.