सरजाबाई विरुद्ध नरसिंग

"सरजाबाई धुतमल विरुद्ध नरसिंग धुतमल!"

नांदेडच्या कौटुंबिक न्यायालयात शिपायानं पुकारा केला, तशी दोघं एकाच बाकावरून उठली. सरजाबाईला गुडघ्यांमुळं उठताना दोन्ही हात टेकावे लागायचे, म्हणून पिशवी नरसिंगनं धरली.

आपण नवराबायको आहोत, एवढंच त्यांना कोर्टाकडून लिहून हवं होतं. नोकरीला लागताना साहेबासमोर बायकोचं नाव घ्यायची लाज वाटली, म्हणून नरसिंगनं तो रकाना कोरा सोडला होता. आता पेन्शनच्या कागदावर सरजाबाई त्याची कुणीच नव्हती. आणि बायको ठरायचं, तर नवऱ्यालाच समोरचा पक्ष करावं लागलं. त्यानं हरकत घेतली, की बसा चकरा मारत.

वकील नव्हता; या कोर्टात ज्याचं त्यानं बोलायचं. सरजाबाईनं शपथ घेतली. लग्नातली अंगावरची पांढरी साडी, बाबासाहेबांचा फोटो, लोह्याहून टेम्पो भरून आलेले पाहुणे, सगळं सांगितलं.

"नरसिंगराव, यांना काही विचारायचंय?" न्यायाधीश बाईंनी रीतीप्रमाणं विचारलं.

"हाव."

सरजाबाईनं वळून त्याच्याकडं बघितलं. बेचाळीस वर्षांत भाजीत मीठ का नाही, एवढंही ज्यानं विचारलं नाही, त्याला आज कंठ फुटला!

"बघायला आलतो, तवा तू आतून 'न्हाई' म्हनलीस. म्या ऐकलं. मंग हो कशी काय म्हनलीस?"

"म्याडम, सांगावंच लागतं का?"

"शपथेवर आहात, मावशी."

सरजाबाईनं पदर सारखा केला. "पुन्यांदा येऊ नये म्हनून म्याच यांच्या सायकलची हवा सोडली. यांनी खिडकीतून बघितलं, पर माझ्या बापाजवळ चुगली न्हाई केली. दोन कोस गप ढकलत गेले. म्हनलं, मानूस चांगला हाय."

"ती तू व्हतीस?" नरसिंग ओरडलाच. "मला वाटलं काटा रुतला!"

टाइप करणाऱ्या बाईनं तोंडाला रुमाल लावला.

"मग, लग्नाला काही हरकत?" न्यायाधीश बाईंनी हसू दाबत विचारलं.

"मला आनखी एक तारीख द्या, म्याडम. लई इचारायचं हाय."

"तारीख नाही मिळायची." बाईंनी फाईल मिटली. "नवराबायको आहात. घरी जाऊन विचारा."