अर्ध्या किमतीची वेळ

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता दुकानातली मुलगी पिवळी स्टिकरं घेऊन ब्रेडच्या रॅककडे आली आणि थांबलेली माणसं दोन पावलं मागे सरली.

मागे सरण्याचा नियम त्यांचा त्यांनीच केला होता. मुदत संपत आलेला माल सातनंतर अर्ध्या किमतीत मिळे. पण शेवटच्या पाकिटावर स्टिकर लागेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, आणि मग प्रत्येकाने आधी एकच उचलायचं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी कुणी मोडतही नव्हतं.

"काका, आज उशीर?" शिवणकाम करणारी बाई म्हणाली. "मला वाटलं, लॉटरी लागली."

"लागली असती तर तुम्हाला बरं सांगितलं असतं!"

"बघा, कसे आहेत! आणि ह्यांच्यासाठी आम्ही पाकिटं राखायची."

काका हसले. इथं सगळे त्यांना काकाच म्हणत. ते तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक आहेत, हे इथं कुणाला माहीत नव्हतं आणि त्यांनी ते कळूही दिलं नव्हतं. कॉलेज खाजगी होतं, पेन्शन नव्हती. शिल्लक बायकोच्या औषधांत चालली होती. साखर वाढल्यापासून तिला अख्ख्या धान्याचाच ब्रेड चालत असे, आणि रॅकवर सर्वांत महाग तोच होता. बायकोची समजूत अशी की नवरा फिरून येता येता ताजा ब्रेड आणतो.

साबणाच्या रॅकपलीकडून कुणीतरी हाक मारली. "सर? सरच ना?"

प्राध्यापक गर्रकन वळले आणि बाकीच्यांनी वळून बघायच्या आधी त्या रॅकपलीकडे गेले. समोर त्यांचा जुना विद्यार्थी उभा होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. आता तो मुख्य कार्यालयात होता. कंपनीच्या सगळ्या दुकानांतल्या किमती तोच ठरवायचा.

"सर, तुम्ही इथं?" त्याची नजर त्यांच्या हातातल्या रिकाम्या पिशवीवर गेली.

"निरीक्षण," प्राध्यापक म्हणाले. शब्द आपसूक तोंडातून निघून गेला. पिशवी त्यांनी घडी करून खिशात घातली.

"कसलं निरीक्षण?"

"किंमत अर्धी झाली की मागणी कशी हलते, त्याचं. फळ्यावर रेघ मारणं वेगळं आणि इथं उभं राहून बघणं वेगळं. बरेच महिने येतोय."

विद्यार्थ्याचे डोळे चमकले. "मग सर, तुम्हीच सांगा. ही माणसं नाइलाजानं थांबतात का? म्हणजे पूर्ण किंमत त्यांना खरंच परवडत नाही?"

प्राध्यापकांनी साबणाच्या रॅकच्या फटीतून पाहिलं. स्टिकरं लावून झाली होती. शिवणकामवाल्या बाईने स्वतःचं पाकीट राहू देऊन आधी धान्याचा ब्रेड उचलला होता आणि मान उंचावून ती काकांना शोधत होती.

नुसतं 'हो' म्हटलं तरी पुरलं असतं. पण त्या 'हो'त तेही मोजले गेले असते.

"छे! नाइलाज कसला?" ते म्हणाले. "सवय आहे ही. सातला स्वस्त मिळणार हे माहीत असल्यावर साडेपाचला कोण घेईल? ब्रेड म्हणजे काही दागिना नाही, महाग झाला म्हणून घ्यायचा सोडायला. उद्या सवलत काढून घे. हीच माणसं पूर्ण पैसे देतील. चरफडतील, पण देतील."

बोलताना त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता.

"सर, तुम्ही अजून तसंच शिकवता," विद्यार्थी म्हणाला.

तो तिथंच थांबला आणि प्राध्यापक एकटे बाहेर निघाले. दारापाशी पोचेपर्यंत बाईने दुरून पाकीट उंच धरून दाखवलं. त्यांनी पाहिलं नाही असं दाखवलं.

"ब्रेड?" घरी बायकोने विचारलं.

"संपला होता."

"असू दे. दूध घेते मी."

ती दूध पीत असताना ते वर्तमानपत्र धरून बसले. एकच पान कितीतरी वेळ त्यांच्यासमोर होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात बाई म्हणाली, "काल काही न घेताच गेलात?"

"बरं नव्हतं जरा."

"मग सांगायचं नाही का? घरी आणून दिला असता." तिने राखून ठेवलेला ब्रेड त्यांच्या हातात कोंबला. त्यांना तिच्याकडे वर बघवलं नाही.

सोमवारी सात वाजता मुलगी आली ती रिकाम्या हातांनी.

"आजपासून बंद," ती म्हणाली. "उरलेला माल कचऱ्याच्या गाडीत जाणार."

"कायमचं बंद?" शिवणकामवाल्या बाईने विचारलं. "अगं, पण झालं काय?"

"खरं तर उलटंच ठरलं होतं. अर्धी किंमत पाचपासूनच लावायची, तुम्हा लोकांना उगाच ताटकळत ठेवायचं नाही. शुक्रवारी मोठे साहेब त्यासाठीच आले होते. पण इथं त्यांना कुणी प्राध्यापक भेटला. महिनोन्‌महिने तुमच्यात उभा राहून तुमचा अभ्यास करत होता म्हणे. त्यानं सांगितलं, यांना गरज नाही, नुसती सवय लागली आहे."

"आमच्यात उभा राहून?"

मुलगी खांदे उडवून आत निघून गेली. मग शिवणकामवाली बाई जमिनीवर पिशवी ठेवून उभी राहिली.

"येईल तो," ती म्हणाली. "आपली कशी जिरली ते बघायला तरी येईलच. आज कुणी हलू नका. काका, तुम्ही दारावर नजर ठेवा, मी इकडे बघते."

प्राध्यापक दाराकडे तोंड करून उभे राहिले.