गुरुलिंगची समाधी

पोलीस अमीनाचं घोडं पाखडलेल्या जोंधळ्यात तोंड घालायला लागलं, तशी इरम्मा सूप आपटून उठली.

"घोडं मागं घ्या, अमीनसाब. सरकारनं लेव्ही नेऊन उरलेलं हाय ते. आता घोड्याला बी त्यातलंच पायजे व्हय?"

अमीन हसला नाही. मागून आलेल्या बैलगाडीकडं त्यानं बोट केलं. गाडीत पोत्याखाली कुणीतरी आडवं होतं.

"हद्दीवरच्या विहिरीत सापडला. गोळी लागलेली, वर तीन दिवस पाण्यात. तुमचा गुरुलिंग आहे का, बघून सांगा."

गुरुलिंग इरम्माचा थोरला. दोन महिन्यांमागं तो हद्द ओलांडून सोलापूरकडं गेला होता, निजामाविरुद्ध बंदूक शिकायला. इंग्रज गेल्यापासून निजामाच्या लेखी सोलापूर म्हणजे परमुलूख. तिथं गेलेल्या पोरांची यादी अमीनाच्या खिशात असायची. गुरुलिंगचं नाव त्यात सातवं. त्याच्या बदली धाकटा वीरभद्र एकोणीस दिवस उमरग्याच्या कोठडीत मार खात होता. थोरला जिता नाहीतर मेला हाती लागल्याशिवाय धाकटा सुटणार नव्हता.

इरम्मानं पोतं उचललं. तोंड ओळखण्यासारखं उरलं नव्हतं. वरपासून खालपर्यंत बघत ती पायाशी आली आणि थांबली. मग तिनं लुगड्याचा पदर फाडला आणि डावा पाय घोट्यापर्यंत गच्च बांधला, तान्ह्या लेकराला बांधतात तसा.

"माझाच हाय," ती म्हणाली.

"पक्कं सांगा, अम्मा. लिंगायताच्या गळ्यात लिंग असतं. ह्याचं कुठं आहे?"

"घरी काढून ठिवून गेला. रगतानं माखल्याल्या हातानं लिंगाला शिवू नये, येवढं म्या शिकवलं व्हतं त्याला. तुमच्या आईनं काय शिकवलं, ती जाणे."

ती देवघरात गेली. आत जरा वेळ लागला. बाहेर आली तेव्हा पदर गळ्याभोवती घट्ट घेतलेला आणि हातात चांदीची डबी. अमीनानं डबी उघडली, आतलं काळंभोर लिंग बघितलं आणि डबी मुकाट परत दिली.

गुरुलिंगची बायको महानंदा दाराला धरून उभी होती. इरम्मानं तिचा हात उंबऱ्यावर ठेवला आणि दगडानं बांगड्या फोडल्या. पोरगी किंचाळली. इरम्माच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. अमीन बघत होता.

अंघोळ तिनं एकटीनं घातली. भावकीतल्या कुणाला जवळ येऊ दिलं नाही. समाधीच्या खड्ड्यात मांडी घालून बसवायला विरुपाक्ष जंगम उतरला.

"डावा पाय खाली घ्या," इरम्मा वरून म्हणाली.

"अव्वा, आपली रीत..."

"रीत मला नगा शिकवू, सामी. खाली म्हनलं की खाली."

डावा पाय उजव्याखाली गेला. तळहातावर लिंग ठेवलं. विभूती, बेल, मग माती. माती सारखी होईपर्यंत अमीन लगाम धरून उभा होता. मग त्यानं यादी काढली आणि सातव्या नावावर पेन्सिल ओढली.

दुसऱ्या दिवशी वीरभद्र घरी आला. नीट उभं राहता येत नव्हतं. इरम्मानं त्याला आंबिल पाजली. तो भावासाठी रडला, तर म्हणाली, "आधी पी."

नंतर तिनं बोलणंच टाकलं. सूप हातात घ्यायची, पाखडायची, चूल पेटवायची. तिची सकाळची लिंगपूजा मात्र बंद पडली.

"लेक गेला म्हणून देवावर रुसली," विरुपाक्ष इतरांना सांगायचा. तिच्या तोंडावर बोलायची छाती कुणाची नव्हती. अमीन आठवड्याला एक चक्कर मारायचा, समाधीपाशी घोडं थांबवायचा आणि पुढं जायचा.

पंधराव्या दिवशी भर दुपारी एक बाई दारात आली. येरमाळ्याकडची, दगडाबाई. हद्दीवरची गावं पालथी घालत आलेली, पायांना भेगा पडलेल्या. इरम्मानं तिला आत घेतलं, पाणी दिलं, भाकरी वाढली.

"तुमच्या लेकाचं ऐकलं, आक्का," दगडाबाई म्हणाली. "तरी तुमचं नशीबच म्हनायचं. आपल्या हातानं माती दिली. माझा बब्रुवान बी तिकडंच गेला. जिता हाय का मेला, कुनी सांगंना. सकाळी वाटतं जिता हाय, म्हनून चालाया लागते. सांजंला वाटतं गेला, म्हनून रडते."

इरम्मा तव्यावरची भाकरी उलथत राहिली.

"हिकडून जानारी येनारी पोरं तुमच्या डोळ्यांखालून गेली असतील. माझा वळखाया लई सोपा हाय बगा. डाव्या पायाला सहा बोटं हायती त्याच्या."

इरम्माचा हात सवयीनं गळ्यातल्या लिंगाकडं गेला. गळा मोकळा होता. हात तसाच खाली आला. तव्यावरची भाकरी तिनं दगडाबाईच्या ताटात ठेवली.

"न्हाय बाई," ती म्हणाली. "म्या न्हाय पाह्यला."