सुमंतकाकांचे ढेकर

तिसरा ढेकर आला आणि मालविकाने लाटणं पोळपाटावर आपटलं.

"काका, निदान तोंडावर हात तरी धरा."

सुमंतकाका खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. घरात वारा लागायची ती एकच जागा. त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. "हवा आहे, सूनबाई. हाताने थांबते होय?" आणि चौथा दिला, मुद्दाम लांबवून.

दूधविनायकाच्या गल्लीतल्या त्या दोन खोल्यांत आवाजाला लपायला जागा नव्हती. पहाटे ढेकर, जेवताना ढेकर, नागपूरहून तिच्या आईचा फोन आला की हमखास ढेकर. लग्न होऊन ती बनारसला आली त्याला दीड वर्ष झालं होतं. स्टेशनवरून घरी येताना निनादने रिक्षातच सांगितलं होतं, "घरी काका पण आहेत, बाबांचे चुलतभाऊ. पोटाचा त्रास आहे त्यांना. ते बरे होईपर्यंतचाच प्रश्न आहे."

काकांना पाहुण्यासारखं वागणं ठाऊकच नव्हतं. चहा गार आहे. त्या खुंटीला ओला टॉवेल नको. गच्चीचं दार लावलं का, बंदर घुसतात. मालविकाही मागे हटली नाही. त्यांची भाजी ती मुद्दाम अळणी करी. ते मुद्दाम चमच्याने ताट वाजवत मीठ मागत.

"मी यांना बरं करूनच सोडते," एका रविवारी ती निनादला म्हणाली. "बरे झाले की जातील."

"छोडो ना," तो म्हणाला. "म्हातारा माणूस. या वयात काय बरं होणार?"

तिने ऐकलं नाही. संकठा घाटाच्या वरच्या अंगाला इंदूताई वैद्य बसत, तिथे ती काकांना घेऊन गेली.

इंदूताईंनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. वजन उतरतंय का, घास अडकतो का, हे विचारलं. दोन्हीला काकांनी मान हलवून नाही म्हटलं.

"जेवता कसे?"

"तोंडाने."

"गिळतात," मालविका म्हणाली. "सकाळी नाक्यावर उभ्याने कचौडी, तीन घासांत. चहाचे भुरके. जेवण झालं की लगेच आडवे."

"मग निम्मे ढेकर गिळलेल्या हवेचे," इंदूताई म्हणाल्या. "त्याला औषध नाही. सावकाश चावायचं, एवढंच. बाकीचे अपचनाचे. तळलेलं बंद करा. पहिल्या भाताच्या घासाला तूप, हिंग, जिरं, सुंठ. जेवणानंतर चिमूटभर ओवा-सैंधव आणि शतपावली. झोपताना बडीशेपेचं कोमट पाणी."

दुसऱ्या दिवसापासून घरात युद्ध पेटलं. मालविका ताटासमोर मांडी घालून बसू लागली.

"घास बत्तीस वेळा चावायचा."

"दातच एकवीस उरलेत."

"मग एकवीस वेळा चावा."

ओवा चावताना काका तिच्याकडे असे बघत, जणू तिने विषच दिलंय. शतपावलीच्या वेळी ती जिन्याचं दार अडवून उभी राही. शंभर झाल्याशिवाय सुटका नाही. पंधरा दिवसांत ढेकर निम्म्यावर आले.

आणि अचानक पुन्हा वाढले. मालविकाने काकांची उशी उचलली तर खाली पानांचा तेलकट दोना.

"कचौडी कुणी आणली?"

"तुझ्या नवऱ्याने. रोज आणतो. माया आहे त्याची माझ्यावर, तुझ्यासारखा नाही तो."

ती निनादवर तुटून पडली. "तुला ते इथून जायला नकोत का?"

"आवडते त्यांना, म्हणून आणली," तो बुटाची नाडी सोडत म्हणाला.

त्याच आठवड्यात हिंगाची डबी हरवली. बडीशेप गच्चीवर सांडलेली सापडली. बंदरांचं काम, निनाद म्हणाला. नवऱ्याच्या या मऊपणाची मालविकाला चीड आली. तिने नवा हिंग आणला, सगळी औषधं कपाटात घालून कुलूप लावलं, आणि निनाद बँकेतून यायच्या वेळेला दारातच त्याची पिशवी तपासायला लागली.

दोन महिने लागले. मग एक पूर्ण आठवडा घरात ढेकर म्हणून आला नाही. काकांचा चेहरा भरला. इंदूताईंनी नाडी पाहून सांगितलं, "आता माझी गरज नाही."

त्याच संध्याकाळी मालविकाने माळ्यावरची ट्रंक खाली काढली, पुसली, आणि काकांच्या पुढ्यात ठेवली. आपला आनंद लपवावा असं तिला वाटलंही नाही.

"बरे झालात, काका. आता कधी निघायचं म्हणता? निनाद तिकीट काढेल."

काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. दीड वर्षात पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

"मी कुठे निघू? चाळीस वर्षं मी या घरात राहतोय, सूनबाई. घर माझं आहे. एकट्याने दुखणं निभेना, म्हणून निनादला बोलावून घेतलं. मी बरा होईपर्यंत राहा, म्हटलं. आता महिनाअखेर माझी लेक ऋता मुलांना घेऊन कायमची येते आहे. तुम्ही दुसरी जागा बघा, असं मी त्याला कधीच सांगितलंय."

निनाद दारात उभा होता. काकांनी त्याच्याकडे मान वळवली.

"अजून हिला बोलला नाहीस?"