धारहून आलेला आवाज

वेदिकाने फोन टेबलावर उलटा ठेवला आणि पुन्हा उचलला.

“दाखव,” अल्पना म्हणाली.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या दोघीच होत्या. स्क्रीनवर स्नेहसंमेलनातला फोटो होता, शाळेच्याच पेजवरून उचललेला. चेहरा वेदिकाचा. खालचं शरीर तिचं नव्हतं. त्याखाली हिंदीत मजकूर होता: शनिवारपर्यंत व्हिडिओ कॉलवर ये, नाहीतर हा फोटो पालकांच्या ग्रुपवर जाईल.

आज शुक्रवार होता.

“मॅम, पप्पांना नका ना सांगू. पीथमपूरहून शिफ्ट करून आले की आधी माझा फोन बघतात. सीधी शाळाच बंद करतील माझी.”

“तू काही केलेलं नाहीस. आणि यातलं काही पुसू नकोस. हाच पुरावा आहे.”

वेदिकाने मान हलवली, पण फोन ओढणीखाली लपवला.

मुख्याध्यापक गोपाळरावांनी सगळं ऐकून चष्मा पुसला. “उद्या सकाळी पोलिसांत जाऊ. मी येतो. पण आज धारचे नीलकंठ आहेतच ना आपल्याकडे? आधी त्यांना विचारा. मुलीच्या नावाचा प्रश्न आहे.”

आज दुपारचा ऑनलाइन सुरक्षेचा कार्यक्रम अल्पनानेच ठरवला होता. धारच्या एका संस्थेशी मेसेजवर बोलणं झालं, तारीख मिळाली. तिने स्वतः पोस्टर बनवलं, त्यावर नीलकंठ यांचं नाव, तिचं नाव, दोघांचे नंबर घातले आणि शाळेच्या पेजवर लावलं.

सकाळी त्यांचा फोन आला होता. नंबर वेगळा होता.

“अल्पनाताई? नीलकंठ बोलतो आहे, धारहून. तो फोन बिघडलाय, आता हाच नंबर धरा. लिंक मीच पाठवतो.” मग आवाज जरा सैल झाला. “पोस्टरवर आडनाव वाचलं आणि म्हटलं, ही तर आपलीच मंडळी. आमच्या तीर्थरूपांची सारी नोकरी तुमच्या देवासातच झाली.”

तीर्थरूप. हा शब्द तिने आजोबांनंतर कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. शाळेतली मराठी घरांतली मुलंसुद्धा तिला हिंदीत उत्तरं देत. ती बराच वेळ त्यांच्याशी बोलत राहिली. कोण कुठले, कुलदैवत कोणतं, सगळं निघालं.

“काय हो, तुमच्या पाहुण्यांची सही कुठे घ्यायची?” गोपाळराव सकाळी हसत म्हणाले होते. फाटकावरचा खंडोजी दूधवाल्याचंही ओळखपत्र पाहून वहीत सही घेत असे. “तारेतून येणाऱ्याला खंडोजी कसा अडवणार?”

दुपारी नववी ते बारावीच्या मुली सभागृहात बसल्या. पडद्यावर चित्र नव्हतं. नेटवर्क कमकुवत आहे, कॅमेरा लावला तर आवाज तुटेल, असं नीलकंठ यांनी सांगितलं. पण ते बोलले छान. पासवर्ड कसा असावा, अनोळखी माणसाला काय सांगू नये. मध्येच एका मुलीला म्हणाले, “बाई गं, कुत्र्याचं नाव पासवर्डला ठेवलंस, तर कुत्रं तरी दुसऱ्या नावाचं पाळ!” सभागृह हसलं. वेदिकाही हसली. अल्पनाने ते पाहिलं.

शेवटी तिने त्यांना फोन लावला. “आमची एक मुलगी अडचणीत आहे. तुमच्याशी बोलू द्यावं म्हणते.”

“अवश्य. दहावीची पोर, घाबरलेली असणारच. एकटीला बोलू द्या, ताई. शिक्षक समोर असले की मुली अर्धंच सांगतात.”

ते तिला पटलं.

वेदिका प्रयोगशाळेच्या दाराशी अडली. “मॅम, यांना सगळं सांगू? पक्का?”

“सांग. आपल्यातले आहेत.”

अल्पना व्हरांड्यात थांबली. काचेतून वेदिकाची पाठ दिसत होती. आधी आखडलेली, मग हळूहळू मोकळी. एकदा तिने डोळे पुसले. मग बराच वेळ अंगठा स्क्रीनवर फिरत राहिला.

ती बाहेर आली तेव्हा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, सगळं त्यांना पाठव आणि मग पुसून टाक. चॅट, फोटो, अकाउंटपण. असला फोटो फोनमध्ये ठेवणं हाच गुन्हा आहे म्हणे. त्यांच्याकडे नोंद राहील.”

“आणि तू...”

“केलं ना. बॅकअपपण पुसलं. त्यांनीच सांगितलं कसं करायचं. आणखी कुणाला माहीत आहे विचारलं. मी म्हटलं, मॅम आणि मोठे सर, बस.”

प्रयोगवहीतलं चुकलेलं निरीक्षणही अल्पना मुलींना खोडू देत नसे. पण हा माणूस रोज हीच कामं करत होता. ती किती केली होती तिने? एकही नाही.

“बरं केलंस,” ती म्हणाली.

वेदिकाने तिचा हात धरला. “आज झोप येईल मॅम.” आणि ती सायकलकडे पळाली.

संध्याकाळी अल्पना चहा गाळत होती, तेव्हा फोन वाजला. स्क्रीनवर पोस्टरवरचा जुना नंबर होता. फोन दुरुस्त झालेला दिसतोय, असं म्हणत तिने तो कानाला लावला.

आवाज तरुण होता, घाईतला.

“मॅडम, नमस्ते, नीलकंठ बोलतोय, धारवरून. हमारी मराठी जरा कच्ची आहे, सांभाळून घ्या. सकाळी तुमच्या शाळेचा मेसेज आला, कार्यक्रम सोमवारवर गेला म्हणून. कोई बात नहीं, सोमवारी पक्का. बस एक विनंती. तोपर्यंत कोणत्या मुलीला धमकी आली असेल ना, तर तिला एवढंच सांगून ठेवा, काहीही डिलीट करू नकोस.”