गौरीपूजनाच्या गोळ्या

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांनी हेमांगीला मिळणार होतं ते काही कमी नव्हतं: थोरली सून म्हणून गौरीपूजनाचा मान, शिवाय टपून बसलेल्या धाकट्या जावेची जिरवणं. स्तनात कॅन्सरची गाठ निघाली म्हणून मान सोडायला ती तयार नव्हती. घरी तिने थाप मारली, "पाळी या वेळी लवकर येऊन गेली."

पूजेच्या दुसऱ्याच दिवशी एमआरआय होता. तिथल्या फॉर्मवर शेवटच्या पाळीची तारीख विचारली तेव्हा सासूबाई शेजारीच बसलेल्या. हेमांगीने तीच थाप तिथेही लिहून दिली. चित्रात गाठीभोवतीचं सगळं उजळलेलं दिसलं. पसरलेलं दिसतंय, अख्खा स्तन काढावा लागेल, असं सर्जन म्हणाले.

रेडिओलॉजिस्ट बाईंना मात्र शंका आली. त्यांनी तिला एकटीला आत बोलावलं.

"गोळ्या घेतल्या होत्यास ना?"

"सासूबाईंना नका सांगू."

"गौरीला कळलंय, सासूबाईंचं काय घेऊन बसलीस? अगं, त्या गोळ्यांनी निरोगी भागसुद्धा एमआरआयआधी शिरेतून दिलेलं औषध शोषून असा चमकतो. पाळी येऊन जाऊ दे, मग पुन्हा बघू."

दुसऱ्या चित्रासमोर हेमांगी वाकून बघू लागली. झगमगणारं सगळं काळंभोर, शांत झालं होतं आणि त्यात हरभऱ्याएवढा एकच ठिपका पेटलेला होता. इतकी वर्षं ज्या शरीरात राहिली, ते तिने आज पहिल्यांदा पाहिलं.

ऑपरेशन झालं. स्तन वाचला, किंमत मोजली ती एकट्या गाठीने.